जरासं सरका

भाऊ अंगानं काटकुळे. तरी ते जिथं बसतील तिथं शेजारच्याला जागा कमी पडते. पॅसेंजरच्या बाकावर तिघं बसलेले असले की 'सरका ना जरासं' म्हणत ते चौथे म्हणून टेकतात. परतूरला नुसते टेकलेले भाऊ जालना येईस्तोवर ऐसपैस मांडी घालून बसलेले असतात आणि मूळच्या तिघांपैकी एकजण दाराशी उभा असतो. त्यालाच ते खिडकीतून चहा घ्यायला सांगतात.

30 डिसेंबर 2023 ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हा गावाला कोण आनंद! भाऊ मात्र एकदाच बसले आणि तोंड पाडून परतले. "कसली गाडी? खुर्चीला दोन्हीकडून हात लावून ठेवलेत. माणसानं माणसाजवळ सरकायचं कसं?" पुढं 2025 मध्ये तीच गाडी नांदेडपर्यंत गेली, तेव्हा कुठं त्यांचा राग निवला. "बघा, सरकार थेट नांदेडपर्यंत सरकलं. कुणी ब्र काढला नाही. आपण दोन फूट सरकलो की लगेच नोटीस!"

हे दोन फूट जुन्या जालन्यातल्या त्यांच्या किराणा दुकानापुढचे. आधी रस्त्यावर नुसतं एक पोतं आलं. पोत्याला ओल लागते म्हणून ओटा आला, ओटा उंच झाला म्हणून पायरी आली आणि पायरीवर गिऱ्हाईक भिजतं म्हणून पत्र्याचं शेड आलं. भाऊंनी स्वतःसाठी म्हणून काहीच केलेलं नाही. जालना हे सळईचं गाव, वेल्डिंगवाले गल्लोगल्ली; पण भाऊंच्या शेडला वेल्डिंगचा एक टाका नाही. सगळं नटबोल्टवर. अतिक्रमणाची गाडी चौकात वळली की पोरगं पाना घेऊन वर चढतं. गाडी दुकानापाशी येईतो पत्रे आत गेलेले असतात आणि भाऊ उघड्या उन्हात साहेबांना लिंबूपाणी देत असतात. पत्र्यांवर खडूनं आकडे घातलेले आहेत, म्हणजे संध्याकाळी जोडताना घोळ नको. तरी दर खेपेला एखादा पत्रा जास्तच भरतो.

कुणी टोकलंच तर भाऊ थेट इतिहासात शिरतात. "1 मे 1981 ला आपला जिल्हा झाला. औरंगाबादचे तालुके घेतले ते घेतलेच, वर परभणीचं परतूरही ओढलं. त्याला अतिक्रमण म्हणता का? 2023 ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पालिका मोठी झालेली चालते, दुकान का नाही?" यावर उत्तर सुचेपर्यंत त्यांनी तुमच्या मोटारसायकलच्या जागेवर तेलाचे डबे मांडलेले असतात.

पण भाऊंची खरी कला अंबडकडच्या शेतात बघावी. तिथं मोसंबीची बाग आणि बाकी कापूस. पूर्वेच्या धुऱ्यावर त्यांचा फार जीव. दर पेरणीला ट्रॅक्टरवाल्याला एवढंच सांगायचं, "एक तास पलीकडून घे, धुऱ्यावर गवत लै माजलंय." असे वर्षाला एक तास, चांगली वीस वर्षं. शेजारी बोलला तर भाऊ आभाळाकडं बोट दाखवायचे. "पावसानं सरकतोय धुरा. माती हाय ती, लोखंड थोडंच हाय?"

शेवटी शेजाऱ्यानं पैसे भरून सरकारी मोजणी आणली. भूकरमापक रोव्हर घेऊन आले. निम्मं गाव धुऱ्यावर जमलं. पूर्वेची हद्द भाऊंच्या कापसात पाच हात आत निघाली. लोक हसले. भाऊ शांतच. "चला, एवढं निघालं तर निघालं. शेत तर तेवढं मोठं झालंच होतं की." मग मापकांनी पश्चिमेची हद्द दाखवली. ती निघाली पलीकडच्या शेजाऱ्याच्या तुरीत, तीही पाच हात आत. इकडं भाऊ पूर्वेला सरकत असताना तिकडं तो त्यांच्या मागोमाग सरकत आला होता. वीस वर्षं भाऊंचं शेत जागचं हललं, पण क्षेत्र सातबाऱ्यावर होतं तेवढंच राहिलं. गुंठाभरही वाढलं नव्हतं.

भाऊ मटकन खाली बसले. "काय माणूस हाय! सख्ख्या शेजाऱ्याची जमीन खायची? देवाची तरी भीती असावी!"

मोजणीची क प्रत आता दुकानात काचेत लावलेली आहे. काच लावायला भिंत पुरेना, म्हणून भाऊंनी शेजारच्या दुकानदाराला जरासं सरकायला सांगितलंय.