जाम चालतो, कोपरा चालत नाही

पुण्यात वाघोलीहून खराडीच्या आयटी पार्ककडे निघालेला माणूस नगर रस्त्यावर अडकला, तर त्याच्याकडे कुणी दाखला मागत नाही. ‘केसनंद फाट्याला जाम होता’ म्हटलं की उशीर माफ. पण एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवण्याच्या अडचणीचं, निदान झालेल्या कर्मचाऱ्यानं ‘कामं तोंडी सांगू नका, मेलवर द्या, आणि प्रिंटरपासून लांबचा कोपरा द्या’ म्हटलं, की एचआरला कायदा आठवतो. तोही अर्धाच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही, हे तोंडपाठ. कलम २१नुसार खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, ते पान मात्र चिकटलेलं. वर सवलतीचा अर्ज मुदतीत, क्रमवार, एकही रकाना न विसरता भरायचा. ज्याला हे जमलं, त्याला सवलत कशाला हवी, असं विचारायला साहेब मोकळे!

‘विसरतात सगळेच, उद्या सगळेच मागतील,’ हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. सोंग घेणारे निघतीलच. पण सोंग घेऊन मिळवायचं काय, तर लेखी सूचना! सगळ्यांनी त्या मागितल्या तर दोन मीटिंगा कमी होतील, एवढाच धोका. वाजवी सोयीची कायद्यातली व्याख्याच मुळी ‘अवाजवी बोजा न पडता’ अशी आहे, आणि चार ओळींच्या मेलचा बोजा कंपनीला पेलेल. साहेबांना पेलेल का, हा प्रश्न वेगळा. लेखी दिलं की ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय जाते.