पुतण्या, मला वाचव!

छत्तीसगडातलं नवा रायपूर हे शहर अर्ज करण्यासाठीच बांधलं असावं. रस्ते रुंद, झाडं शिस्तीत, माणसं मोजकी. मंत्रालय इथे, नवी विधानसभा इथे, आयआयएम इथे, विधी विद्यापीठ इथे. २०१५ साली राज्य सरकार आणि एनटीपीसीने मिळून काढलेली ट्रिपल आयटीही इथेच. संध्याकाळी सातनंतर लक्ष विचलित करील असं फारसं काही आसपास नाही. त्यामुळे होतकरू मुलं वसतिगृहाच्या खोलीत बसून एकाच विषयाचा कसून अभ्यास करतात : इथून बाहेर कसं पडायचं.

पूर्वी या विषयाचं उत्तर पुणे होतं. मग बंगळूर झालं. सध्या ते 'फायनान्शियल इंजिनिअरिंग' आहे. अमेरिकेत जाऊन एक-दोन वर्षांत पदव्युत्तर पदवी घ्यायची आणि न्यूयॉर्क किंवा शिकागोत बसून ऑप्शनच्या किमती ठरवायच्या. कार्नेगी मेलनने असा अभ्यासक्रम १९९४ मध्येच सुरू केला. पुढे बर्कली, कोलंबिया, प्रिन्स्टन, बरूक अशी रांग लागली. जुन्या रायपुरातल्या आमच्या तात्यापाऱ्यातल्या घराघरांत आता ही नावं अष्टविनायकांच्या क्रमाने पाठ आहेत.

असंच एक घर घेऊ. ते तुमचं नाही, शेजारचं आहे. भोसल्यांच्या अमदानीत कुणीतरी पूर्वज नागपूरहून कारकुनीला आले आणि इथेच राहिले. आता वडील सरकारी नोकरीत. रोज बसने जुन्या रायपुरातून नव्यात जातात आणि फायलींना पुढची तारीख देऊन परत येतात. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आणि काका. काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याचे पैसे आले, आणि तेव्हापासून ते रोज सकाळी सव्वानऊला आंघोळ करून मोबाइलपुढे बसतात. काका ऑप्शन खेळतात. 'खेळतात' म्हटलेलं त्यांना आवडत नाही. ते 'पोझिशन घेतात'.

निफ्टीची एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस, गुरुवारी असायची तेव्हा काकांचा गुरुवारचा कडक उपवास असे. दत्तगुरूंनी तीन वर्षं परीक्षा पाहिली. मग सप्टेंबर २०२५ पासून एनएसईने एक्स्पायरी मंगळवारी नेली. काकांनी उपवासही मंगळवारी नेला. आता जबाबदारी गणपतीवर आहे. दैवत बदललं, निकाल तोच.

इकडे पुतण्याचा अर्ज चालू झाला. या अर्जाला लागतं काय? लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रॉबॅबिलिटी, पायथन, जमलं तर सी प्लस प्लस. मग जीआरई, तीही आता दोन तासांच्या आत उरकते, म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेतल्या आभारप्रदर्शनाएवढी. मग शिफारसपत्रं. ही पत्रं सर देतात, म्हणजे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यामुळे आपण वर्गात किती असामान्य होतो हे तीन वेगवेगळ्या शैलींत स्वतःच लिहावं लागतं. मराठी मध्यमवर्गीय मुलाला स्वतःची स्तुती करायला जड जातं असा एक समज आहे. दुसऱ्या पत्रापर्यंत तो टिकत नाही.

खरी परीक्षा मात्र 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'ची. तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे? याचं खरं उत्तर 'पगार' असं तीन अक्षरी आहे. पण ते हजार शब्दांत, आणि 'पगार' हा शब्द न वापरता लिहायचं असतं. पहिल्या मसुद्यात चिरंजीवांनी लहानपणापासूनच्या गणिताच्या ओढीबद्दल लिहिलं. सल्लागाराने, ज्याची फी वडिलांच्या महिन्याच्या पगाराएवढी आहे, तो कागद बाजूला सारला. म्हणाला, "यात माणूस कुठे आहे? संघर्ष कुठे आहे? घरात कुणी बुडालंय का?"

घरात सगळे काकांकडे बघायला लागले.

दुसऱ्या मसुद्यात काका आले. मध्य भारतातल्या एका शहरात, एका काचेच्या पडद्यासमोर, आयुष्यभराची बचत हळूहळू वितळताना या मुलाने पाहिली, आणि जोखीम या विषयाशी त्याची पहिली ओळख झाली, असा तो परिच्छेद. सल्लागाराचे डोळे भरून आले. काकांनाही मसुदा वाचून दाखवला. ते म्हणाले, "रक्कम कमी लिहिलीस रे." काकांच्या गुंतवणुकीचा एवढा एकच परतावा आजवर घरात आला आहे.

मुलाखतीच्या तयारीला बसल्यावर एक प्रश्न निघाला : सलग दोनदा छापा पडेपर्यंत नाणं सरासरी किती वेळा उडवावं लागेल? चिरंजीवांनी कागदावर दोन समीकरणं मांडून उत्तर काढलं, सहा. काका म्हणाले, "नाणं कोणाच्या हातात आहे ते आधी विचार." मुलाखत घ्यायला काका असते तर बाजार आज वेगळा असता.

कारण नाणं कोणाच्या हातात आहे हे बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने लिहूनच ठेवलं आहे. सप्टेंबर २०२४ च्या तिच्या अहवालाप्रमाणे आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. माणशी सरासरी दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. एकट्या २०२३-२४ मध्ये या आणि इतर मंडळींचे ६१,००० कोटींहून अधिक गेले. त्याच वर्षी दलाली पेढ्यांनी स्वतःच्या खात्यावर ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८,००० कोटींचा ढोबळ नफा मिळवला. बेरीज करून पाहा. आमच्या मंत्रालयातल्या लेखा विभागातही हिशेब इतका स्वच्छ जुळत नाही. आणि त्या नफ्यापैकी ९६-९७ टक्के नफा अल्गोरिदमने, म्हणजे संगणकावरच्या आज्ञावलीने, कमावलेला. ती आज्ञावली लिहितं कोण? कार्नेगी मेलन आणि बर्कलीहून बाहेर पडलेली गुणी मुलं.

म्हणजे घराघरांत चाललेली योजना अशी : काकांनी मांडीवरच्या मोबाइलवरून ऑप्शन घ्यायचे, आणि पुतण्याने सत्तर लाखांचं कर्ज काढून ते विकणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसायचं. पैसा घराबाहेर जाऊ नये म्हणून एवढी दूरदृष्टी यापूर्वी फक्त आतेमामे लग्नांत दिसली होती.

त्या विकणाऱ्याच्या बाजूला इंजिनिअरिंग कसं चालतं त्याचा एक नमुना सेबीनेच छापला आहे. ३ जुलै २०२५ च्या तिच्या अंतरिम आदेशात जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर निर्देशांक हवा तसा फिरवल्याचा आरोप आहे. १७ जानेवारी २०२४ ला सकाळी कंपनीने बँक निफ्टीतले शेअर जोरात घेतले, दुपारनंतर विकले, आणि त्यात सुमारे ६१ कोटी घालवले. त्याच दिवशी ऑप्शन्समध्ये तिने ७३४ कोटी कमावले. सेबीने ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश दिला. कंपनीला आरोप मान्य नाहीत आणि ती अपिलात गेली. निकाल लागेल तेव्हा लागेल. तो आदेश चिरंजीवांनी रात्री जागून वाचला. मला वाटलं संतापला असेल. सकाळी म्हणाला, "स्ट्रॅटेजी फार एलिगंट आहे."

शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव 'काका, मला वाचवा' म्हणत धावले होते. बरोबर दोनशे वर्षांनी, १९७३ मध्ये, ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र प्रसिद्ध केलं, आणि तेव्हापासून धावण्याची दिशा उलटी झाली. (त्याच कामाबद्दल शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. दोघेही भागीदार असलेला फंड पुढच्याच वर्षी गाळात गेला, आणि चौदा वित्तसंस्थांनी ३.६ अब्ज डॉलर ओतून तो बाहेर काढला. त्यांनाही कुणीतरी वाचवलंच. तिथे काका बरेच असतात.)

स्वस्तातले मार्ग नाहीत असं नाही. वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटी नावाची संस्था याच विषयाची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन आणि विनाशुल्क देते. हे वडिलांनी शोधून काढलं आणि घरात शांतता पसरली. आईने विचारलं, "फुकट शिकलेल्याला मुलगी कोण देईल?" रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला सेबीनेच काढलेली संस्था आहे, तिथे रोखेबाजारच शिकवतात. पण रायपूरहून रायगड म्हणजे प्रगती झाल्यासारखं वाटत नाही, आणि तिथे शिकून मुलगा चुकून सेबीत लागला तर काकांच्याच बाजूने लढायचा.

तेव्हा अमेरिकाच. नामवंत ठिकाणची फी ऐंशी हजार डॉलरच्या घरात, वर राहणं-खाणं. कर्जाला तारण म्हणून चौबे कॉलनीतला फ्लॅट. व्हिसासाठी मुंबई गाठायची, म्हणून गीतांजली एक्स्प्रेसची तिकिटं आणि ठाण्याच्या मावशीकडे मुक्काम. पुढे नोकरी मिळालीच, तर एच-वन-बी व्हिसा मिळणार का, ही एक गोष्ट राहते. म्हणजे हाही एक ऑप्शनच : प्रीमियम आधी भरायचा, मुदत ठरलेली, आणि फायदा झाला तर झाला. वडिलांनी आयुष्यात शेअरबाजाराला हात लावला नाही. मुलाच्या रूपाने त्यांनी काकांपेक्षा मोठी पोझिशन घेतली आहे, तीही उसन्या पैशावर, आणि उपवास न करता.

ज्यांच्या घरी अर्जांचा मोसम चालू आहे, त्यांना एकच विनंती. चिरंजीवांनी 'सबमिट'चं बटण दाबण्यापूर्वी काकांचं ट्रेडिंगचं खातं बंद करून घ्या. अर्जांच्या फीचे पैसे तेवढ्यातच सुटतील.