पातळीकर

पातळीकरांकडे मासे बघायला जाऊ नये. मासे आहेत, दिसतातही. दिवाणखान्यात चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेची टाकी, वर निळसर दिवे, खडकांच्या कपारीत दोन क्लाऊनफिश आणि मधून मधून मिरवून जाणारा एक पिवळाधमक टँग. कुणाचंही पोर समोर मांडी ठोकून तासभर बसेल असा देखावा. पण पाहुण्यानं "वा!" म्हणून खुर्ची पुढे ओढली की पातळीकर त्याला दंडाला धरून उठवतात आणि म्हणतात, "वर काय बघताय? खाली बघा."

खाली कपाट आहे. कपाटात आणखी एक काचेची टाकी, तिला संप म्हणायचं. वरचं पाणी ओसंडून पाइपातून इथे उतरतं, दोन-तीन खणांतून गाळलं जातं आणि शेवटच्या खणातल्या पंपानं परत वर चढतं. त्या शेवटच्या खणापाशी पातळीकर उकिडवे बसतात, मोबाइलचा टॉर्च लावतात आणि काचेवरच्या मार्करच्या रेघेकडे बोट दाखवतात. पाणी बरोब्बर रेघेवर असतं. पाहुण्याला काय बोलावं ते सुचत नाही.

"रेघेवर आहे," तो म्हणतो.

"आहे ना!" पातळीकरांचा चेहरा उजळतो. मुलगी दहावीला पहिली आली तेव्हाही इतका उजळला नव्हता, असं त्यांची बायको सांगते.

पातळीकर हे आडनाव मी दिलेलं. खरं काही का असेना, हा माणूस तुमच्याही सोसायटीत आहे. पूर्वी तो गच्चीवर चढून अँटेना फिरवायचा आणि "आलं का? आता आलं का?" म्हणून ओरडायचा. नंतर तो इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालू लागला. वय पन्नाशीच्या आगेमागे, नोकरी चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात, आणि तीही 'क्वालिटी'त. म्हणजे समोर आलेली कुठलीही वस्तू आज ना उद्या बिघडणारच हे गृहीत धरण्याचा पगार देणारी. असा माणूस माशांच्या नादी लागला की मासे बाजूला राहतात.

वेड असलं तरी त्याच्या मुळाशी असलेलं शास्त्र मात्र सोळा आणे खरं. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पुण्याच्या एप्रिलात, वर पंखा लावलेला असताना, पृष्ठभागावरून दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी सहज उडतं. एवढ्या मोठ्या टाकीत ते होतं पावणेतीन लिटरच्या घरात. भरपाई केली नाही तर पाणी रोज थोडं थोडं खारट होत जातं. भरपाई करायची ती गोड्या पाण्यानं, आरओच्या. उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी ओतणाऱ्या माणसाला पातळीकर एकदाच समजावतात. दुसऱ्यांदा त्याचा फोन उचलत नाहीत. आणि वरच्या टाकीची पातळी पाणी जिथून ओसंडतं त्या कडेला बांधलेली असल्यामुळे सगळी तूट खालच्या त्या चिमुकल्या खणात दिसते. वर पाच मिलिमीटर उडालं असतं ते इथे २७ मिलिमीटर होऊन समोर येतं. आणखी खाली गेलं की पंप हवा ओढू लागतो, गुरगुरतो, तापतो. म्हणून ती रेघ. म्हणून तो टॉर्च.

सुरुवातीला त्यांनी साधा फ्लोट व्हॉल्व्ह लावला. फ्लशच्या टाकीत असतो तोच प्रकार, आकारानं लहान: पाणी उतरलं की गोळा खाली, तोंड उघडं, पाणी चढलं की गोळा वर, तोंड बंद. वीज नको, वायर नको. त्याची नळी त्यांनी थेट स्वयंपाकघरातल्या आरओच्या यंत्राला जोडली आणि महिनाभर ते भेटेल त्याला "शून्य देखभाल" असं सांगत हिंडले. पण खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात, वाळतात आणि जिथे वाळतात तिथे मिठाचे पापुद्रे धरतात. एका रात्री गोळ्याच्या दांडीवर असाच पापुद्रा धरला. दांडी अडकली ती 'उघडं' या अवस्थेत, आणि आरओचं यंत्र नळाला पाणी असेपर्यंत थकत नाही.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या नव्या पीओपीवर श्रीलंकेच्या आकाराचा डाग पडला होता आणि तो भारताच्या दिशेनं सरकत होता. "अहो, मासे तुमचे आणि पोहायचं आम्ही?" एवढंच त्या बोलल्या. रंगाचे पैसे पातळीकरांनी दिले. पैसे विसरले, वाक्य अजून विसरलेले नाहीत.

तिथून त्यांच्या अविश्वासाला बहर आला. दुसरा आला तो फ्लोट स्विच. याच्या पोटात काचेच्या नळीत धातूच्या दोन पट्ट्या आणि बाहेरच्या तरंगत्या कड्यात लोहचुंबक. कडं खाली आलं की पट्ट्या जुळतात, छोटा पंप सुरू होतो आणि शेजारच्या कॅनमधलं पाणी आत येतं. झकास चाललं. मग टाकीतली शेवाळ खाणारी एक गोगलगाय पाइपातून खाली उतरली आणि त्या कड्यावर जाऊन बसली. तिच्या वजनानं कडं खाली, स्विच म्हणतो पाणी कमी, पंप सुरू. पाणी वाढतंय, गोगलगाय बसलेली, पंप चालू. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते काय उगीच नाही. पातळीकरांनी स्विचला प्लास्टिकच्या जाळीचा पिंजरा केला. पिंजऱ्यात गोगलगाय जाईना, पण शेवाळ गेली आणि कडं चिकटलं.

मग डोळेवाला सेन्सर. ह्याला हलणारा भागच नाही. टोकाला लोलक, आतून अवरक्त किरण सोडायचे, टोक कोरडं असेल तर किरण आतल्या आत परावर्तित होऊन माघारी येतात, पाण्यात बुडलेलं असेल तर बाहेर निसटतात. माघारी आले, म्हणजे पाणी घाला. पातळीकर या सेन्सरवर इतके खूश होते की त्याचं तत्त्व त्यांनी लिफ्टमध्ये, चौथा ते तळमजला एवढ्या वेळात, मला आकृतीसकट समजावलं होतं. पण लोलकावर बुळबुळीत थर बसतो, बुडबुडे येऊन चिकटतात, वरचा प्रखर दिवा भलत्या कोनातून आला तर तेही त्याला चालत नाही. थोडक्यात, दर आठवड्याला कापसानं त्याचा डोळा पुसावा लागतो.

"म्हणजे देखभाल आली," मी म्हटलं.

"देखभाल सगळ्यालाच येते हो," ते म्हणाले. "फक्त कुठल्या तऱ्हेनं मरायचं ते आपण निवडायचं."

आता त्यांच्या कपाटात सेन्सर आहे. तो फसला तर बोटभर वर फ्लोट स्विच आहे, तो पंपाची वीज तोडतो. दोन्ही फसले तर टायमर आहे. पंप ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालला की तो बंद पाडतो. टायमरमधला रिले आतल्या आत चिकटू शकतो, म्हणून जमिनीवर ओल ओळखणारा भोंगा आहे. भोंग्याची बॅटरी उतरू शकते, म्हणून कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला लाल फुली आहे. संकष्टी पेन्सिलीनं लिहिलेली, फुली स्केचपेननं. "अहो, या सगळ्यावर लक्ष कोण ठेवणार?" बायकोनं विचारलं. "मी!" म्हणाले. "आणि तुमच्यावर?" त्यावर पातळीकर खरोखरच विचारात पडले.

पातळीचं हे पिसं त्यांना पुण्याच्या पाण्यातूनच लागलं असावं. जुलैत सगळं शहर पेपरात धरणांची टक्केवारी वाचतं, पातळीकर ती पाठ करतात. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली गेला का हे बघायला छत्री घेऊन निघतात. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद राहणार असेल तर बुधवारी संध्याकाळीच आरओचे कॅन भरून ठेवतात. स्वयंपाकघरातली पिंपं भरायची राहिली तरी चालतील. त्यांचं दैवत विश्वेश्वरय्या. १९०३ साली खडकवासल्याला त्यांनी पातळी चढली की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, माणसाचा हात न लागता; भिंत न वाढवता साठा वाढला. "आमचं फील्ड तेच," असं पातळीकर कपाटाचं दार लावता लावता सांगतात.

आणि एका बाबतीत मात्र त्यांचं डोळे मिटून ऐकावं. कुठलं उपकरण घ्यावं हा प्रश्न ते उलटा विचारतात: ते बिघडल्यावर जास्तीत जास्त किती पाणी येईल? थेट आरओला जोडलेलं असेल तर उत्तर आहे खडकवासला. कॅनला जोडलेलं असेल तर उत्तर आहे कॅनभर. त्यांच्या सगळ्या पसाऱ्यात दगडखडक वजा जाता २७० लिटर पाणी आहे. वीस लिटरचा अख्खा कॅन रिकामा झाला तरी मीठ ३५ वरून साडेबत्तिसावर येतं. मासे नाराज होतील, मरणार नाहीत. अट एवढीच की ते वीस लिटर मावायला संपमध्ये जागा हवी, शिवाय वीज गेल्यावर वरून जे पाणी उतरतं त्याचीही. नळीचं तोंड कॅनमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचं हेही त्यांचंच. खाली ठेवलं तर पंप थांबला तरी सायफन थांबत नाही. स्वस्तातला स्विच आणि लहान कॅन हे महागडा सेन्सर आणि मोठा कॅन यांपेक्षा बरं, असं माझं मत झालं आहे. हे मत मी पातळीकरांना सांगितलेलं नाही. त्यांनी नुकताच तिसरा सेन्सर मागवलाय.

गेल्या मे महिन्यात घरातली मंडळी लग्नाला रत्नागिरीला गेली. घरी त्यांची आई. पानशेत धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ रोजी ती नारायण पेठेतल्या माडीवरून पाणी बघत होती. संपमधल्या मिलिमीटरांचं तिला कौतुक असण्याचं कारण नाही. पातळीकरांचा चिपळूणहून फोन: "आई, कपाट उघड. पाणी रेघेच्या वर आहे की खाली?"

"मला मेलीला रेघ दिसत नाही. मी टिकली लावलीय."

"कुठे?"

"रेघ असेल तिथे."

"अगं, टिकलीच्या वरच्या कडेला पाणी आहे की खालच्या?"

"मधोमध."

"टिकली केवढी आहे?"

आईनं फोन ठेवला. चार दिवस ती सकाळी देवपूजा आटोपली की कपाट उघडून बघायची आणि टिकलीच्या वरच्या कडेला पाणी लागेपर्यंत आरओचं पाणी घालायची. सेन्सरला पंप तेवढा कमी चालवावा लागला. परतल्यावर पातळीकरांनी खारेपणा मोजला, बिनचूक. मग त्यांनी टिकलीचा व्यास मोजला, नऊ मिलिमीटर, आणि कपाटातल्या सगळ्या व्यवस्थेच्या आकृतीत आईला फ्लोट स्विच आणि टायमरच्या मधे जागा दिली. आई त्याच आठवड्यात बहिणीकडे नाशिकला गेली, तेव्हा तिच्या चौकटीवर त्यांनी 'पर्याय हवा' असं लिहिलं.

परवा शेजारच्या इमारतीतला एक मुलगा सल्ला विचारायला आला. नवीन टाकी घेतोय, पाण्याच्या पातळीचं कुठलं कंट्रोल विश्वासाचं, फ्लोट की ऑप्टिकल, बजेट एवढं. पातळीकरांनी चष्मा पुसला. टाकी केवढी, मासे कुठले, काही विचारलं नाही.

"तुमच्या खाली कोण राहतं?"

"कुणी नाही काका. खाली पार्किंग आहे."

पातळीकर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. एवढा हेवा मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"मग काहीही घे रे," ते म्हणाले. "गाडी कुणाची उभी असते, तेवढं विचारून घे."