प्रदर्शनेच्छू चित्रकारांसाठी लेखनविषयक सूचना

चित्रावरून शेवटचा हात फिरला की चित्रकाराचं खरं काम सुरू होतं. जाड तैलरंग आतून वाळायला महिने लागतात, पण कॅटलॉगवाला तेवढा थांबत नाही. त्याला परवा संध्याकाळपर्यंत ‘चार ओळी’ हव्या असतात. या चार ओळींना स्टेटमेंट म्हणतात. त्या लिहायला बसलं की तीस वर्षं ब्रश धरलेला हात पाटीवर ‘ग’ गिरवणाऱ्या पोरासारखा होतो. अशा समव्यवसायी बंधुभगिनींसाठी ही थोडी माहिती.

सर्वप्रथम ‘अवकाश’ घ्यावं. चित्र रिकामं असेल तर अवकाश आहेच, खच्चून भरलेलं असेल तर अवकाशाचा संकोच आहे. त्याला ‘स्मृती’ जोडावी. दोघांचं पटत असेल तर त्यांच्यातला ‘संवाद’ म्हणावं, पटत नसेल तर ‘द्वंद्व’. झालं वाक्य. ते घरात मोठ्यानं वाचून दाखवावं. कुणी ‘म्हणजे काय?’ विचारलं तर ठेवावं. ‘म्हणजे हे घाईत केलंस होय!’ असं कुणाला कळलं तर मात्र ताबडतोब खोडावं.

हे एकदा जमलं की पुन्हापुन्हा लिहावं लागत नाही. माझ्या कोकणातल्या खाड्यांच्या शोचं स्टेटमेंट चुकून पुढच्या, गिरणीच्या चिमण्यांच्या शोला छापलं गेलं. दोघांनी येऊन सांगितलं, या वेळचं लिखाण चित्रांशी जास्त एकरूप झालंय.

शीर्षकाबद्दल मतभेद आहेत. गायतोंडे बोलायला कमी, चित्रांना नाव द्यायला त्याहून कमी. त्यांचं १९७९ सालचं एक बिननावाचं चित्र २०१३ साली मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. तेव्हापासून नाव न ठेवण्याकडे आमचा कल वाढला आहे. गंमत म्हणजे अर्धं काम तेवढ्यानं होतं, उरलेलं अर्धं फक्त चित्राचं राहतं.

काही पुस्तकं शोच्या आधी महिनाभर घरात ठेवू नयेत. धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’, प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’. चित्रकाराला मराठीत लिहिता येतं असं त्यांवरून सिद्ध होतं, आणि ते आपल्या सोयीचं नाही. बरवे तर चित्रातही किल्ली, घड्याळ, झाडाचं पान असल्या घरगुती वस्तू आणत. अशा माणसाच्या नादी लागलं की आपल्यालाही किल्लीला किल्ली म्हणावंसं वाटू लागतं.

परिचय स्वतःच, पण तृतीयपुरुषी लिहावा. ‘त्यांची चित्रे देशविदेशांत संग्रही आहेत.’ भाची लग्नानंतर सिंगापूरला गेली तेव्हा आपलंच एक नेलंय, तेव्हा हे खोटं नाही. गॅलरीला फोटो पाठवताना चित्र पलंगाला टेकवून, थोडं वरून घ्यावं. काचेत पंखा आणि खाली आपल्या पायाचा अंगठा आला की आकाराचा अंदाज येतो.

लेबलाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि तिथेच घात होतो. माध्यम, वर्ष, आकार. आकारात आधी उंची, मग रुंदी, असा रिवाज आहे. मी एकदा आपला सरळ ४८ × ३६ इंच लिहिलं. चित्र आडवं. लांबूनच फोनवर घेणाऱ्या गृहस्थांनी कपाट आणि खिडकी यांच्यामधली भिंत मोजून ठेवली होती, बरोबर ३८ इंच. आता ते चित्र त्यांच्याकडे कपाटाच्या दारावरून एक फूट पुढे येतं. कपाट अर्धंच उघडतं. दिवाळीला त्यांचा फोन येतो, त्यात चित्राविषयी काही नसतं.

राहिला तोंडी भाग. शोचा मंगळवार, दुपारचे तीन. एसीला म्हणून आलेल्या एक बाई मोठ्या हिरव्या चित्रासमोर थांबल्या. हातात भाजीची पिशवी.

‘तुम्हीच काढलंत?’

‘हो.’

‘सगळं हिरवंच का हो?’

इथे ‘हरित अवकाशाची स्मृती’ असं उत्तर तयार ठेवलेलं असावं. मी गाफील होतो. म्हणालो, ‘काकू, खाली सासऱ्यांचं पोर्ट्रेट आहे. बिघडलं. कॅनव्हास महागाचा, म्हणून वर हिरवा मारला. उजेडाच्या बाजूनं तिरकं बघा, नाक दिसेल.’

जुन्या रंगाचे उंचवटे वरच्या थरातून लपत नाहीत, उजेड आडवा पडला की उठतात. काकूंनी पिशवी खाली ठेवली, भिंतीला गाल लावला, मग गुडघे वाकवले. स्टेटमेंटसमोर माणूस सरासरी किती थांबतो ते मी कधी मोजलं नाही, पण काकू दहा मिनिटं होत्या. ‘सापडलं!’ त्या ओरडल्या. ‘पण हो, रागावलेले दिसतात.’ रागावले होतेच. म्हणून तर पोर्ट्रेट बिघडलं.

असा प्रकार कटाक्षानं टाळावा. सासुरवाडीचे लोक शोला येतात.

दुसऱ्या दिवशी एक पत्रकार आल्या होत्या. मी त्यांना अवकाश समजावत होतो, त्या लिहून घेत होत्या. तेवढ्यात दारातून काकू आल्या, बरोबर बहीण आणि कॉलेजातला एक मुलगा. माझ्याकडे न बघता सरळ हिरव्याकडे गेल्या.

‘इथून बघ,’ त्या मुलाला म्हणाल्या, ‘अजून खाली. मान वाकव की रे!’

पत्रकार बाईंनी पेन थांबवलं आणि मला विचारलं, ‘तिकडे काय आहे?’