आजा सापडला का जी?

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एक गृहस्थ हमखास दिसतो. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्सांचा गठ्ठा आणि वंशावळीचा एक ताव, घडीवर घडी पडून नेमका पणज्यावरच फाटलेला. नातू कितवीत आहे हे त्याला धड सांगता येत नाही, पण पणजा कोणत्या मौज्यात, कोणत्या साली वारला हे तो झोपेतही सांगेल. लोक त्याला रिकामटेकडा म्हणतात. हे साफ चूक आहे. पूर्वज शोधणं हा पोट भरलेल्यांचा छंद, ही समजूत युरोपातून आलेली. तिकडे फ्रान्समधून पळालेल्या ह्युगेनो प्रॉटेस्टंटांचे वंशज स्वित्झर्लंडच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळतात आणि पूर्वज नाही गावला तर जरा हळहळून जेवायला जातात. इथे आजा गावला नाही तर नातवाची कॉलेजातली राखीव सीट धोक्यात येते, नाहीतर कसत असलेली वनजमीन.

पूर्वजांना तारखा लावून दिल्या त्या सरकारनेच. जात पडताळणीत अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची नोंद सोन्याच्या मोलाची. वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, पार १९३० पर्यंत जावं लागतं. पण १९३० साली गडचिरोली जिल्हाच नव्हता. तो चंद्रपूर जिल्ह्यातून निघाला १९८२ साली. तेव्हाच्या इथल्या आज्याने झोपडी न सोडता मध्यप्रांत, मध्यप्रदेश, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी चार राज्यं पाहिली. तो जागचा हलला नाही, सरकार मात्र हलत राहिलं. तिकडे पाद्री वह्या ठेवायचा, आपल्याकडे ते काम गावच्या कोतवालाने केलं. त्याच्या बुकात जन्ममृत्यू टिपले गेले, पण बहुतेकदा बाळाचं नाव नाही. बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं ‘मुलगा’. सोमाला पाच मुलगे असतील तर त्यातला आपला बाप कोणता? एका कागदावर सोमा, दुसऱ्यावर सोमाजी, तिसऱ्यावर सोम्या, आणि तिघे एकच इसम आहेत असं स्टॅम्प पेपरवर लिहून देणारा नातू. स्वर्गातल्या सोमाला आपण तिघे होतो हे पहिल्यांदाच कळलं असेल.

कोणी म्हणेल, ही सगळी फायद्यासाठी चाललेली बनवाबनवी. खोटे दावे होतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण खोटं करणाऱ्याला इतके खेटे पडत नाहीत. ज्याची चप्पल झिजली आहे तो बहुधा खराच असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: कागद नाही, तर मानायचं कशावर? ह्युगेनोंनाही हाच प्रश्न होता. १६८५ मध्ये त्यांचा धर्म बेकायदा ठरला आणि १७८७ पर्यंत त्यांच्या जन्माला, लग्नाला स्वतःची कायदेशीर वहीच नव्हती. रानात लपून प्रार्थना करणाऱ्याचं नाव दप्तरात कुठून येणार? कागद नव्हता म्हणून ती माणसं जन्मलीच नाहीत असं कोणी म्हणत नाही. आपला कायदा तर याहून शहाणा निघाला. वनहक्काच्या नियमांत गॅझेटिअर, जनगणना, नकाशे तर आहेतच, शिवाय विहीर, स्मशान, देवस्थान आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, हेही पुरावे आहेत. एकाहून अधिक पुरावे लागतात, पण अमुकच कागद आणा असा हट्ट दावे तपासणाऱ्या समितीला धरता येत नाही.

माझी त्या व्हरांड्यातल्या गृहस्थाविषयी तक्रार एवढीच, की बाबूंच्या संगतीत राहून तोही बाबूइतकाच कागदभक्त झाला आहे. रेकॉर्ड रूममध्ये नक्कल मिळेना म्हणून तो महिनोन्‌महिने झुरतो, आणि आज्याने खोदलेल्या विहिरीचंच पाणी पिऊन रोज सकाळी बस धरतो. कागद शोधू नका असं कोण म्हणतं? जात पडताळणीत १९५० च्या आधीच्या कागदाचं मोल आहेच. पण वनहक्काचा दावा असेल आणि गावात शेजारच्या घरची नव्वदीची म्हातारी अजून बोलती असेल, तर आधी तिचा जबाब लिहून घ्या आणि ग्रामसभेपुढे ठेवा. नक्कल पुढच्या महिन्यातही काढता येईल.