पट्टा पडेपर्यंत

काय ओ वहिनी, कडीपत्ता नंतर तोडा, आधी ऐका. मागच्या गल्लीतला इंजिनिअर नोकरी सोडतोय! साखर कारखान्यात परमनंट, राहायला क्वार्टर, दिवाळीला बोनस. म्हणतो, बॉयलर-टर्बाइनचा सल्लागार होणार, साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे कारखाने फिरणार.

"अगं बाई! सासरे काय म्हणतात?"

भडकलेत. त्यांना हा लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला देतो. तेही मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे, सोडलीच की नोकरी.

"सोडली, पण बढती डावलली तेव्हा. आणि त्याआधीपासून ते मुंबईहून सायकली पाठवायचे, भाऊ रामूअण्णा बेळगावात विकायचे. धंदा आधी, राजीनामा मागून!"

तरी हाल चुकले का? लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्यांच्या लोखंडी नांगराला हात लावीनात. पहिला नांगर खपायला 2 वर्षं गेली. पुढं बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळ दिला, कर्ज दिलं, म्हणून 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजा आमच्या साताऱ्याकडचा, लक्षात ठेवा.

"बरं बाई, राजा तुमचा. वाडी आमच्या सांगलीत आहे ना? पण ह्याला कोण राजा भेटणार?"

तेच म्हणते मी. आज कारखान्याला बिल दिलं की पैसे कधी येतील ते देवाला ठाऊक. त्यातून टीडीएस आधीच कापलेला. वर्षाला धंदा 20 लाखांच्या वर गेला की जीएसटीचं लचांड. आणि नोकरीत राहून बाहेरची कामं करावीत, तर हल्ली करारातच बंदी असते. लेखी परवानगी मागावी लागते.

"ग्रॅच्युइटी तरी मिळेल?"

मिळेल की, 5 वर्षं कधीच झाली. घोडं अडलंय पेन्शनपाशी. पीएफवाल्या पेन्शनला 10 वर्षं लागतात आणि ह्याची साडेआठच झालीत. पुन्हा कुठं नोकरी धरली नाही, तर ती गेलीच म्हणायची.

"मग घाई कसली? हंगामात कारखाने चालवायच्या गडबडीत असतात. हंगाम संपून पट्टा पडला की ओव्हरहॉलिंग निघतं, तेव्हाच बाहेरच्या माणसाला बोलावतात."

अगदी! म्हणून मी त्याच्या बायकोला सांगून आले, 10 वर्षं भरू दे, 2 कारखान्यांचे वर्षाचे करार लेखी घे म्हणावं, आणि मग पट्टा पडल्यावर खुशाल राजीनामा दे. त्याआधी दिलास तर क्वार्टर सोडावं लागेल, आणि माहेरी मी जाणार नाही, असं तिनंही त्याला ऐकवलंय.