कोणाची लाट मोठी

सीडीत गाणी भरून द्यायचा धंदा महाडच्या बाजारात तेजीत होता, तेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरवर हमखास विनअ‍ॅम्प असायचं. 1997 साली आलेलं हे सॉफ्टवेअर गाणं ऐकवायचंच, शिवाय दाखवायचंही. कोपऱ्यातल्या इवल्याशा चौकटीत पट्ट्या खालीवर व्हायच्या आणि तिथे टिचकी मारली की पट्ट्यांच्या जागी थरथरणारी रेघ यायची. पुढे 2001 मध्ये रायन गाइस यांनी त्याला ‘मिल्कड्रॉप’ जोडलं आणि गाण्यातून रंगांचे भोवरे फिरू लागले. सीडी भरून होईपर्यंत गिऱ्हाईक त्याच्याकडे टक लावून उभं राही. फुकटात असं काही बघायला मिळालं की कोकणी माणूस घाई करत नाही.

विनअ‍ॅम्पची लाट नाचते. रेकॉर्डिंग करणाऱ्या ऑडॅसिटी सॉफ्टवेअरची लाट मात्र हिशेब मांडते, आणि हिशेब मांडला की भावाभावांतही बोलाचाली होते, मग भजनी मंडळाची काय कथा!

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत बुवांचा चाकरमानी पुतण्या मुंबईहून लॅपटॉप आणि माइक घेऊन आला. देवळात भजन लावलं, रेकॉर्डिंग झालं आणि सगळं मंडळ पडद्यावर ओणवं झालं. निळी लाट डावीकडून उजवीकडे सरकत होती. अभंग कोणी ऐकत नव्हतं. जो तो एकच विचारत होता, “ह्यात मी कुठाय?”

पुतण्याने समजावलं. माइक एकच. पेटी, मृदुंग, टाळ, कोरस, सगळ्यांची मिळून हवेत एकच बेरीज होते, आणि कॉम्प्युटर ती सेकंदाला 44,100 वेळा मोजून आकडा टिपतो. ते आकडे जोडले की लाट. बेरजेतून आपापला वाटा डोळ्यांनी वेगळा काढता येत नाही. “मग हे उंच टोक कोणाचं?” मृदुंगवाल्या काकांनी आशेने विचारलं. पुतण्याने तेवढाच तुकडा वाजवला. तो माइकशेजारी बसलेल्या तात्यांचा खोकला निघाला.

दुसऱ्या अभंगाला मंडळ ईर्ष्येने पेटलं. टाळ असे कडाडले की लाट चौकटीच्या वर आणि खाली जाऊन आदळली, तिचे शेंडे सपाट कापले गेले आणि पडद्यावर लाल रेघा उमटल्या. “आता सगळं भरून आलं बघा,” टाळकरी म्हणाले. कापलेला शेंडा पुन्हा उगवत नाही, आवाज फाटतो, हे पुतण्या कोणाला सांगणार?

आवाज बघायची ही हौस जुनीच. पॅरिसच्या लिऑन स्कॉट यांनी 1857 साली काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ ओढणारं यंत्र केलं. ती रेघ वाजवून ऐकावी, हा विचारच त्यात नव्हता. 1860 ची त्यांची एक रेघ कॉम्प्युटरने 2008 साली वाजवली, तेव्हा मुलीचा आवाज आला. पुढच्या वर्षी कळलं की वेग दुप्पट लागला होता आणि गाणारे बहुधा स्कॉट स्वतःच असावेत. आपल्याकडे शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनीही मृदुंग-तबल्याच्या शाईचं कोडं उकललं होतं. एरवी चामड्याचं वाद्य बेसूर घुमतं, पण शाईच्या भारामुळे त्याचे उपस्वर सुरेल जागी बसतात, असं त्यांनी 1920 साली ‘नेचर’मध्ये मांडलं. नोबेल नंतरचं, तेही प्रकाशासाठी. ही हकिगत ऐकल्यावर मृदुंगवाले काका आठवडाभर ताठ मानेने फिरत होते.

गोची झाली ती वीणेकऱ्यांची. त्यांची लाट दिसेचना. वास्तविक कान मोठा हुशार. दहापट लहान लाटही त्याला नीट ऐकू येते, सपाट वाटते ती फक्त डोळ्यांना. रायगडावर नगारखान्याच्या दाराशी कुजबुजलेलं सिंहासनापाशी कळतं. ती कुजबूज पडद्यावर आणली तर केसाएवढी तरी दिसेल का? पुतण्याने मेनूतून डेसिबलचं माप लावलं आणि बारीक आवाज फुगून वर आले. वीणेचा झंकार दिसला आणि वीणेकरी खूश. त्याच मापात रातकिडेही दिसले, त्यांचं मात्र कोणी अभिनंदन केलं नाही.

मग आषाढ लागला. देवळाच्या पत्र्यावर पाऊस कोसळायला लागल्यावर पडद्यावर एकच जाड निळा पट्टा उरला. त्यात सगळे स्वर एकदम असतात, म्हणजे कोणाचाच नसतो. शिवथर घळीच्या धबधब्याचा पट्टाही असाच दिसेल. तिथे दासबोध लिहिला गेला असं मानतात. आमच्या मंडळाला तिथे बसवलं असतं तर आधी धबधब्याचा आवाज कमी करायला सांगितलं असतं.

सप्ताहाच्या फ्लेक्सवर यंदा बुवांच्या फोटोखाली त्या अभंगाची लाट छापायची ठरली. काकांनी आपल्या ठेक्याचा तुकडा स्वतः निवडून दिला. फ्लेक्सवाल्याने डावं-उजवं जागच्या जागी ठेवून वरची बाजू खाली करून छापली. काका भांडायला निघाले, तर पुतण्याने ती लाट तशीच उलटी करून वाजवून दाखवली. ठेका जसाच्या तसा! काकांनी फ्लेक्सचे पैसे मुकाट दिले.